वायूसाठी अणुबॉम्ब, आणि दगडातली भोकं

10 सप्टेंबर 1969 रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रुलिसन गावाजवळ, जमिनीखाली सुमारे 2,570 मीटरवर एक अणुबॉम्ब उडवण्यात आला. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या दुपटीहून त्याची ताकद जास्त होती. शत्रू कोणी नव्हता. खाली वालुकाश्म होता, त्यात नैसर्गिक वायू होता आणि तो काही केल्या वर येत नव्हता.

हा पहिला प्रयत्न नव्हे. डिसेंबर 1967 मध्ये न्यू मेक्सिकोत ‘गॅसबगी’ नावाचा असाच स्फोट झाला होता. पुढे 1973 साली कोलोरॅडोतच ‘रिओ ब्लँको’ प्रयोगात एकाच विहिरीत, वेगवेगळ्या खोलीवर, तीन बॉम्ब एकदम उडवले. वायू मिळाला, पण त्यात ट्रिटियम आणि क्रिप्टॉन-85 हे किरणोत्सारी घटक. असला वायू घरच्या शेगडीला कोण जोडणार? चाचण्यांमध्येच तो जाळून टाकला. रिओ ब्लँकोत तर तिन्ही पोकळ्या एकमेकींना मिळतील हा अंदाजही फसला. अखेर 1974 मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनीच ठरवलं, की यापुढे जनतेचा कौल घेतल्याशिवाय राज्यात अणुस्फोट नको.

आज हा वेडेपणा वाटतो. पण त्या काळच्या अभियंत्यांचा हिशेब सरळ होता: दगड घट्ट आहे, म्हणून फोडा. घट्ट म्हणजे नेमका कसा, हे मात्र तेव्हा पुरतं उलगडलेलं नव्हतं.

दगडातून द्रव किती सहज वाहतो याचं माप फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यातून आलं. तिथले अभियंते आंरी दार्सी यांनी वाळूच्या थरांतून पाणी गाळून पाहिलं आणि 1856 साली त्याचा नियम मांडला. पार्यतेचं एकक ‘डार्सी’ हे त्यांच्याच नावावरून. सच्छिद्रता म्हणजे दगडात रिकामी जागा किती, आणि पार्यता म्हणजे त्या जागांमधून वाट किती. दोन्ही एक नव्हेत. सह्याद्रीतला जाळीदार काळा दगड हातात घ्या; भोकं ढीगभर, पण एकमेकांना जोडलेली नसतील तर पाणी आरपार जायचं नाही.

घट्ट वालुकाश्माची गत थोडी वेगळी. लाखो वर्षं वरच्या थरांचं ओझं पेलताना वाळूचे कण एकमेकांत दाबले गेले, कणांवर क्वार्ट्झची नवी पुटं चढली, उरल्यासुरल्या जागेत चिकणखनिजं वाढली. सूक्ष्मदर्शकाखाली इलाइट या चिकणखनिजाचे केसासारखे तंतू छिद्रात आडवेतिडवे पसरलेले दिसतात. छिद्रं उरतात, पण त्यांना जोडणारे गळे चिंचोळे होतात: साधारण 2 मायक्रॉनपासून 0.03 मायक्रॉनपर्यंत. आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो. खोल्या आहेत, दारं मात्र मुंगी अडेल इतकी. त्या दारात पाणी बसलं, की केशाकर्षणामुळे ते हलत नाही आणि वायू आतच अडकतो.

हे गळे मोजायची युक्ती जुनी आहे. पारा दगडाला ओला करत नाही, आपणहून आत शिरत नाही. दाब वाढवत नेला की आधी मोठ्या, मग बारीक गळ्यांतून घुसतो. वॉशबर्न यांनी 1921 मध्ये ही कल्पना मांडली, परसेल यांनी 1949 मध्ये ती तेलवाहू खडकांना लावली. मधल्या काळात, 1941 साली, क्लिंकेनबर्ग यांनी दाखवलं की कमी दाबाचा वायू बारीक वाटांच्या भिंतींवरून घसरतो, त्यामुळे प्रयोगशाळेत पार्यता फुगून दिसते. 1972 मध्ये थॉमस आणि वॉर्ड यांनी आणखी एक हिशेब पुढे आणला. कोरड्या, मोकळ्या नमुन्यावर जमिनीखालचा दाब आणि पाणी परत आणलं, तर पार्यता कोसळते. सच्छिद्रता मात्र जवळपास तेवढीच राहते. त्यांच्या नमुन्यांत गॅसबगीचा दगडही होता. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला हाच खरा वळणबिंदू, स्फोटांपेक्षा कितीतरी मोठा.

अशा घट्ट दगडातल्या वायूची, म्हणजे ‘टाइट गॅस’ची, व्याख्या मात्र भूशास्त्राइतकीच सरकारी आहे. 1978 च्या वायूधोरण कायद्यानंतर अमेरिकेत पार्यतेची 0.1 मिलिडार्सी (डार्सीचा दहा हजारावा भाग) ही रेघ आखली गेली, कारण तिच्याहून कमी पार्यतेच्या दगडातल्या वायूला चढा दर आणि पुढे करसवलत द्यायची होती.

तडे पाडायची सौम्य रीत तर बॉम्बच्याही आधीची. कॅन्ससमधल्या ह्यूगोटन क्षेत्रात 1947 साली नेपामने दाट केलेलं पेट्रोल विहिरीत दाबून ती आजमावली गेली होती. 1980 च्या दशकात कोलोरॅडोतल्या रायफल गावाजवळ तीन विहिरी अगदी शेजारी-शेजारी खोदून पाहिल्यावर कळलं, की इथला वालुकाश्म सलग थर नसून भिंगासारखे सुटे तुकडे आहेत आणि वायू मुख्यतः नैसर्गिक भेगांतूनच सरकतो. म्हणूनच अशी विहीर सुरुवातीला जोरात वाहते, लवकरच मंदावते आणि मग वर्षानुवर्षं थोडाथोडा वायू देत राहते. एका विहिरीला मोठा पट्टा रिकामा करता येत नाही, म्हणून त्या खोऱ्यात पुढे 10 एकरांमागे एक इतक्या दाटीने विहिरी आल्या.

रुलिसनच्या स्फोटाच्या जागेवर आज एक फलक आहे. तिथल्या 40 एकरांत 6,000 फुटांखाली खोदायला मनाई आहे.