टाइमलॅप्स रील आणि प्रोसेस डॉक्युमेंटरी, दोन्ही एक नाहीत

मुंबईच्या जे.जे. आर्ट कॉलेजची पोरं असोत की जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर बसणारे आर्टिस्ट, हल्ली मोबाईल स्टँडला लावून पेंटिंग रेकॉर्ड करतात, मग ते फास्ट करून छोटीशी रील टाकतात आणि खाली कोणीतरी लिहितंच की वा, काय डॉक्युमेंटरी आहे. रील छान असते, मेहनतही दिसते, पण चित्र घडताना दाखवणारी प्रोसेस डॉक्युमेंटरी वेगळी हो.

अशा फास्ट केलेल्या व्हिडिओत, म्हणजे टाइमलॅप्समध्ये, कोरा कॅनव्हास, भराभर रंग आणि तयार चित्र, सगळं सरळ पुढे पळतं. चित्रकार मधेच अर्धा तास नुसता बघत बसला, चहा घेऊन आला आणि कालचा निळा खरवडून टाकला, हे तिथे डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतं, आणि मला तर बघायचं असतं तेच.

आता फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोची 1956ची पिकासोवरची फिल्म घ्या. कागद असा की शाई पलीकडे उमटते आणि कॅमेरा पलीकडेच, त्यामुळे हात दिसत नाही, नुसती रेषा वाढत जाते आणि बघता बघता फुलांचा मासा होतो, माशाचा कोंबडा. ऑइल पेंटच्या वेळी मात्र थोडं रंगवलं की एक शॉट, म्हणजे टेक्निक बरंचसं टाइमलॅप्सचंच झालं ना, पण कापलेला वेळ इथे लपवलेला नाही, क्लूझो कॅमेऱ्यासमोरच म्हणतो की लोकांना वाटेल हे दहा मिनिटांत झालं, प्रत्यक्षात कित्येक तास गेलेले असतात. बीचचं मोठं चित्र तर बदलून बदलून इतकं बिघडतं की पिकासो नवा कॅनव्हास घेतो.

आणि स्पॅनिश दिग्दर्शक व्हिक्टर एरिसेची 1992ची फिल्म, ती तर बघाच. माद्रिदमध्ये चित्रकार आंतोनियो लोपेझ अंगणातलं क्विन्सचं (नासपतीसारखं पिवळं फळ) झाड रंगवतोय, पाय रोज त्याच जागी पडावेत म्हणून जमिनीत खिळे ठोकलेत, ओळंबा लावलाय, पानांवर फळांवर पांढऱ्या खुणा केल्यात, कारण फळं जड होऊन खाली झुकतात आणि खुणा सरकतात. मग पाऊस, ऊन गायब, ऑइल सोडून तो पेन्सिल घेतो आणि तेही पूर्ण होत नाही. दोन तासांहून मोठी फिल्म आणि शेवटी तयार चित्र नाहीच! याची रील कशी करणार?

तेव्हा स्वतःचं काम शूट करत असाल तर खोडताना, थांबताना कॅमेरा बंद करू नका, आणि एडिटमध्ये निदान तेवढा भाग नॉर्मल स्पीडला ठेवा.