शाकीय सूक्ष्मदर्शक

'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' हा शब्दप्रयोग वीसेक शोधनिबंधांत छापून आलाय. मराठीत शाकीय सूक्ष्मदर्शन. (शाकाहारी नव्हे, बटाट्याच्या डोळ्यातून कोंब फुटतो, ते शाकीय.) असं तंत्र जगातल्या कुठल्याच प्रयोगशाळेत नाही.

मग आलं कुठून? १९५९ साली 'बॅक्टेरियॉलॉजिकल रिव्ह्यूज'मध्ये एक लेख दोन स्तंभांत छापला होता. डाव्या स्तंभात 'व्हेजिटेटिव्ह', उजवीकडे त्याच ओळीत 'इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी'. पुढे स्कॅन करताना यंत्राने दोन्ही सलग वाचलं. दुसरा धागा इराणचा. खरं तंत्र आहे 'स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी'. त्यात नमुन्यावरून इलेक्ट्रॉनांचा झोत झाडू मारल्यासारखा फिरतो, त्या 'स्कॅनिंग'ला फारसीत 'रूबेशी' म्हणतात. 'शाकीय'ला 'रूयेशी'. लिहिताना फरक एका टिंबाचा: 'ब'खाली एक, 'य'खाली दोन. २०१७ आणि २०१९ च्या दोन इराणी निबंधांच्या इंग्रजी मजकुरात बहुधा त्यातूनच ही चूक शिरली. आपल्याकडे 'ध'चा 'मा' निदान कोणीतरी मुद्दाम केला, असं सांगतात तरी!

हा सगळा मजकूर चॅटबॉटमागच्या भाषा-प्रारूपांच्या पोटात गेला. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी जीपीटी-३ या अशाच एका प्रारूपाला जुन्या लेखातली अर्धी वाक्यं दिली, तर त्याने ती याच शब्दांनी पूर्ण केली. म्हणजे चूक आता मागितल्यावर ताजी मिळते.

इंग्रजी सफाईदार करून घ्यायला चॅटबॉट वापरला तर मला त्यात गैर वाटत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या संशोधकाला तर तो मोठाच आधार आहे. पण चॅटबॉटला लेखक म्हणून नाव देता येत नाही. प्रकाशन-नीतीचं काम पाहणाऱ्या 'कोप' या संस्थेने २०२३ मध्येच तसं स्पष्ट केलं, कारण चूक निघाली तर जाब विचारायचा कोणाला? वापर केला असेल तर तो जाहीर करा, हा दुसरा नियम.

तेवढ्याने भागतं का? फेब्रुवारी २०२४ मध्ये 'फ्रंटियर्स' या प्रकाशनसंस्थेच्या एका नियतकालिकात उंदराचं चित्र आलं. जननेंद्रिय त्याच्या अंगापेक्षा मोठं, आणि भागांची नावं 'टेस्टटॉमसेल्स' वगैरे. चित्र मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयने काढल्याचं निबंधात प्रामाणिकपणे नोंदवलेलं होतं. लेखक, दोन परीक्षक, संपादक, सगळ्यांच्या हातांखालून ते गेलं. तीन दिवसांत निबंध मागे घ्यावा लागला, तोही समाजमाध्यमांवर लोक हसायला लागल्यावर.