तापल्यावर जाणारं चित्र

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीत जुन्या सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या) मशीनवर अजूनही पिक्चर ट्यूबचा मॉनिटर दिसतो. उन्हाळ्यात दुपारी शेड तापली की चित्र आक्रसतं, थरथरतं, नाहीतर मधोमध एक आडवी रेघ तेवढी उरते. लगेच निकाल लागतो: ट्यूब गेली! बहुतेक वेळा हे खरं नसतं. थकलेली ट्यूब उलट सुरुवातीला फिकी असते आणि तापल्यावर उजळते.

दोष केव्हा येतो, यात अर्धं उत्तर असतं. चालू करताच चित्र हलतं आणि थोड्या वेळात सुधारतं, तर संशय सुकत आलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर घ्यावा. आधी ठीक आणि तापल्यावर बिघाड, तर बहुधा सोल्डरचा, म्हणजे सुटे भाग सर्किट बोर्डाला जोडणाऱ्या मऊ धातूचा, जोड.

का, ते फार सुंदर आहे. कथील-शिशाचं 63:37 सोल्डर 183 अंश सेल्सियसला, म्हणजे 456 केल्विनला वितळतं. मॉनिटरच्या आत एखादा जोड 60 अंशांवर असेल, तर ते झाले 333 केल्विन, वितळणबिंदूच्या 73 टक्के. लोखंडासाठी हेच प्रमाण सुमारे 1050 अंशांवर येतं: भट्टीतून काढलेलं, घणाखाली दबणारं केशरी लोखंड! घट्ट वाटणारं सोल्डर त्या अवस्थेत असतं आणि ताणाखाली हळूहळू सरकत राहतं. त्यात बोर्ड जाडीच्या दिशेनं तांब्याच्या पिनेपेक्षा जास्त प्रसरण पावतो. एकेरी (एकाच बाजूला तांबं असलेल्या) बोर्डाच्या भोकाला आतून धातूचं अस्तर नसतं, त्यामुळे सगळा ताण सोल्डरवर. मशीन चालू-बंद होण्याच्या प्रत्येक फेरीत ते थोडं खेचलं जातं, शिशाचे आणि कथिलाचे कण मोठे होतात, त्यांच्या सीमांवरून भेग सरकते. अखेर पिनेभोवती केसासारखी बारीक गोल भेग पडते. थंडपणी ती टेकलेली असते, तापल्यावर उघडते. वजनदार आणि गरम भागांपाशी हे आधी होतं: ईएचटी (ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर), हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर (चित्र आडवं पसरवणारा), व्हर्टिकल आयसी (चित्र उभं पसरवणारी चिप). आडवी रेघ उरली तर व्हर्टिकल आयसीपासून सुरुवात करावी.

अशा मॉनिटरवर लिंबू-मिरची बांधलेली पाहिली की वाईट वाटतं. खंडेनवमीला यंत्र जरूर पुजावं, पण नजर लागून सोल्डर फाटत नाही.

शोधताना हेअर ड्रायरनं एकेक भाग तापवायचा, फ्रीझिंग स्प्रेनं एकेकच गार करायचा. ज्याच्यावर फवारा मारताच चित्र परततं, तिथे भिंगातून बघायचं. हे काम जाणत्या कारागिराचंच: ट्यूबवर 20 ते 25 हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही विद्युतभार टिकून राहतो.

जुन्या सोल्डरवर नुसतं सोल्डरिंग आयर्न फिरवून भागत नाही. ते उपसून, पिन घासून, फ्लक्ससह (सोल्डर नीट चिकटवणाऱ्या द्रव्यासह) नवं भरावं. मग मागचं झाकण लावूनच तासभर चालवून बघावं. उघडा मॉनिटर वाऱ्यानं गार राहतो, आणि दोष पुन्हा कारखान्यात पोहोचल्यावरच दिसतो.