कर्करोगावरील अनुकूली उपचार

अर्बुदातील (कर्करोगाच्या गाठीतील) औषधाला बळी पडणाऱ्या पेशी सरसकट न मारता काही मुद्दाम राखायच्या आणि त्यांच्याकरवी औषधरोधी पेशींची वाढ दाबून ठेवायची, या तत्त्वावरची उपचारपद्धती. शरीरभर पसरलेल्या आणि समूळ बरा न होणाऱ्या कर्करोगापुरताच तिचा विचार होतो. हॉजकिन लिंफोमा किंवा मुलांमधील तीव्र लिंफोब्लास्टिक रक्तकर्करोग यांत पूर्ण मात्रेची अनेक औषधे एकत्र देऊन रोग निपटता येतो. तिथे ही पद्धत वापरणे घातक ठरेल.

अर्बुदात पेशींचे अनेक वंश एकाच वेळी वाढत असतात आणि त्यांच्यात नैसर्गिक निवड चालते, असे पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये मांडले. एक घन सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने एक अब्ज पेशी धरतात. एवढ्या गर्दीत काही पेशी औषधाचा पहिला डोस पडण्याआधीच रोधी असू शकतात. सोसवेल तितकी जास्त मात्रा सतत दिली की संवेदनशील पेशी मरतात. जागा आणि रक्तपुरवठा रोधी पेशींना आयता मिळतो. मात्र रोधाची किंमत मोजावी लागते. उदाहरणार्थ, औषध बाहेर फेकणारे पी-ग्लायकोप्रोटीन पंप चालवायला एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जाद्रव्य, खर्च होते. औषध थांबले की अशा पेशी स्पर्धेत मागे पडण्याची शक्यता असते.

ही कल्पना शेतीतील कीड नियंत्रणाच्या अनुभवावरही उभी आहे. बीटी कपाशीसोबत बिगर-बीटी ‘रेफ्युजी’ बियाणे लावायचे ते संवेदनशील किडी टिकाव्यात म्हणूनच. फरक इतकाच, की तिथे संवेदनशील किडींचा रोधी किडींशी संकर हवा असतो; अर्बुदात संकर नसतो, निव्वळ चढाओढ असते.

फ्लोरिडातील मॉफिट कर्करोग केंद्रात रॉबर्ट गेटनबी यांच्या गटाने २००९ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या उंदरांवर कार्बोप्लॅटिन या केमोथेरपी औषधाची मात्रा गाठीच्या आकारानुसार कमीजास्त करून पाहिली. पुढे संप्रेरक-उपचाराला न जुमानणाऱ्या, पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावर ॲबिराटेरोन या संप्रेरकनिर्मिती रोखणाऱ्या गोळीची छोटी चाचणी झाली. ॲबिराटेरोनने पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून येणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण) निम्म्याखाली गेलेल्या रुग्णांनाच तीत घेतले. समजा, उपचारापूर्वीचा पीएसए ४० आहे. तो २० च्या खाली उतरताच गोळी बंद. पुन्हा ४० ला पोचला की सुरू. टेस्टोस्टेरॉन दाबणारे इंजेक्शन मात्र अखंड चालू. २०२२ च्या अहवालात १७ अनुकूली आणि १६ नेहमीच्या उपचाराच्या रुग्णांची तुलना आहे: रोग वाढेपर्यंतचा मध्यक काळ अनुक्रमे ३३.५ आणि १४.३ महिने. आकडे लक्षवेधी आहेत, पण रुग्णांची यादृच्छिक विभागणी नव्हती आणि संख्या लहान. त्यावरून नेहमीचा उपचार बदलणे घाईचे होईल.

खरी मेख औषध कधी थांबवायचे यात आहे. प्रोस्टेट कर्करोगावरील खंडित (मधूनमधून थांबवलेल्या) संप्रेरक-उपचाराच्या एका मोठ्या चाचणीत (अहवाल २०१३) आधी सलग सात महिने उपचार देऊन, पीएसए ४ किंवा त्याखाली आलेल्यांनाच विश्रांती दिली होती. खंडित उपचार अखंड उपचाराइतका चांगला असल्याचे तीत सिद्ध झाले नाही. अनुकूली उपचाराचे पुरस्कर्ते म्हणतात, तोवर संवेदनशील पेशी जवळजवळ संपल्या होत्या. राखायला काही उरलेच नव्हते. तपासणीचा अहवाल उशिरा आला आणि गोळी महिनाभर जास्त चालली, तरी हीच चूक लहान प्रमाणात घडते.

रोधी पेशी सुरुवातीलाच बहुसंख्य असतील किंवा त्यांना रोधाची किंमत पडत नसेल, तर विश्रांतीचा फायदा घटतो. काही अर्बुदे पीएसए न वाढवताच पसरतात, म्हणून रक्ततपासणीला सीटी आणि हाडांच्या स्कॅनची जोड लागते. इतर कर्करोगांत अडचण याहून मोठी: गाठीची हालचाल दर महिन्याला स्वस्तात कळवणारा, पीएसएसारखा रक्तातील खूणद्रव्याचा आकडा बहुतेकांत नाहीच. अंडाशयाच्या कर्करोगात सीए-१२५ या खूणद्रव्यावर भिस्त ठेवतात.

मेट्रोनोमिक उपचाराशी अनुकूली उपचाराची गल्लत होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डोके-मानेच्या कर्करोगावर अभ्यासलेली मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिबची जोडी त्या प्रकारात मोडते: मात्रा कमी, पण ठरलेल्या वेळापत्रकाने अखंड. गाठीचा प्रतिसाद पाहून औषध थांबवण्याचा भाग तीत नाही.