बेसची तार नेमकी कुठे छेडली?

माझ्या भाच्याने लॅपटॉपवर बसवलेले एक गाणे गेल्या आठवड्यात मला ऐकवले. ताल, की-बोर्ड, गायन सगळे जमून आले होते; बेस गिटार मात्र खोटी वाटत होती आणि ती खरी वाटावी म्हणून त्याने इक्वलायझरमध्ये, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या वारंवारता कमीजास्त करणाऱ्या साधनात, 40 हर्ट्झच्या आसपासचा भाग भरपूर उचलून धरला होता. बेस म्हणजे खालचा आवाज, तेव्हा खालचा भाग वाढवला की बेस सुधारेल, ही समजूत घरी संगीत करणाऱ्यांमध्ये फार पक्की आहे आणि ती चुकीची आहे.

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ही वारंवारता जवळजवळ काढताच येत नाही, तरीही मोबाइलवर बेसची चाल आपल्याला ओळखू येते. कारण त्याच तारेतून 82, 124, 165 हर्ट्झ असे मूळ वारंवारतेच्या पटीतले संनादीही निघत असतात, आणि त्यांच्यामधले 41 हर्ट्झचे सारखे अंतर हेरून आपली श्रवणयंत्रणा हरवलेला मूळ स्वर स्वतःच उभा करते. बेसचा खरेपणा त्यामुळे पुष्कळसा या वरच्या संनादींच्या मिश्रणात असतो, आणि ते मिश्रण ठरते तार कुठे छेडली यावर.

तार कंप पावताना प्रत्येक संनादीचे काही बिंदू जागचे हलत नाहीत. त्यांना आपण शाळेत निस्पंद बिंदू म्हणतो. बोट तारेला ज्या ठिकाणी ओढून सोडते, तिथेच एखाद्या संनादीचा निस्पंद बिंदू असेल, तर त्या ओढीतून त्याला ऊर्जा मिळत नाही आणि तो आवाजात उमटत नाही. इंग्लिश शास्त्रज्ञ थॉमस यंग याने 1800 साली हा नियम मांडला. गणिताच्या भाषेत, छेडण्याच्या जागेचे घोडीपासूनचे, म्हणजे तारेच्या एका टोकाला ती ज्यावर टेकते त्या आधारापासूनचे, अंतर भागिले तारेची लांबी हे गुणोत्तर घ्यावे, त्याला संनादीच्या क्रमांकाने आणि पायने (π) गुणावे आणि त्या गुणाकाराचा साइन काढावा. संनादीची ताकद त्या साइनच्या प्रमाणात असते, आणि साइन शून्य झाला की संनादी गायब होतो.

आता प्रत्यक्ष वाद्य घेऊ. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने 1951 मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसच्या तारेची कंप पावणारी लांबी 34 इंच, म्हणजे सुमारे 86.4 सेंटिमीटर ठेवली आणि आजही बहुतेक बेसची लांबी तेवढीच असते. समजा, वादकाचे बोट घोडीपासून 21.6 सेंटिमीटरवर, पिकअप (तारेचे कंपन टिपणारे चुंबक) आणि वाद्याची मान यांच्यामध्ये पडते आहे. मोकळ्या तारेचा हा बरोबर पाव भाग झाला, म्हणून चौथा, आठवा, बारावा संनादी नाहीसा होतो. डाव्या हाताने त्याच तारेवरचा पाचवा पडदा दाबला की लांबी जवळजवळ पाऊण उरते. उजवे बोट जागचे हललेले नसते, पण तीच जागा आता एकतृतीयांशावर येते आणि तिसरा, सहावा, नववा संनादी जातो. बाराव्या पडद्यावर तीच जागा तारेच्या मध्यावर येते आणि सगळे सम संनादी जातात. बोट एकाच जागी असूनही प्रत्येक स्वराचा पोत बदलत राहतो, हे मला या वाद्यातले सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र वाटते.

स्वस्तातली आभासी वाद्ये इथेच फसतात. एका स्वराचे ध्वनिमुद्रण घेऊन संगणक ते वरखाली सरकवतो, तेव्हा गैरहजर संनादीही त्याच्याबरोबर सरकतात. मोकळ्या तारेत चौथा नव्हता, तर प्रत्येक स्वरात चौथाच नसतो. जणू प्रत्येक स्वराला वादकाने उजवा हात मोजून घोडीकडे सरकवला आहे. असे कोणताही माणूस वाजवत नाही, आणि ऐकणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी चुकते आहे हे त्याच्या कानाला कळते.

या नियमाला आपल्या घरातलाच एक अपवाद आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिले, की तंबोऱ्यात नियमाप्रमाणे गायब असायला हवेत तेही संनादी ठणठणीत ऐकू येतात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित वक्र असतो आणि कंप पावणारी तार त्याला सारखी टेकत, सुटत राहते. जवारी काढणारा मिरजेचा कारागीर सुताचा दोरा केसभर सरकवून हेच टेकणे साधत असतो. बेस जोरात वाजवला की तार पडद्यांवर आदळते आणि असेच काहीसे घडते: गेलेले संनादी परत येतात आणि स्वराला धातूची कडक धार चढते. म्हणून जोरात वाजवलेला स्वर हा हळू स्वराचा नुसता मोठा केलेला अवतार नसतो. ज्या आभासी वाद्यात हळू, मध्यम आणि जोरकस स्वर वेगवेगळे मुद्रित केलेले आहेत, तेच वाद्य घ्यावे.

याच ठिकाणी 432 हर्ट्झचा प्रचार खोडून काढायला हवा. वाद्ये ज्या ए स्वरावर जुळवतात तो 440 ऐवजी 432 हर्ट्झला लावला की संगीत नैसर्गिक होते, शरीर बरे करते, असे ठासून सांगितले जाते. बेसची जाडीने दुसरी, म्हणजे ए स्वराची तार त्यामुळे 55 ऐवजी 54 हर्ट्झवर येईल, एवढाच त्याचा अर्थ आहे. संनादींची आपसातली गुणोत्तरे होती तशीच राहतात, आणि सेकंद हे एकक माणसाने ठरवलेले असल्यामुळे त्यावर बेतलेल्या कोणत्याही आकड्यात निसर्गाचा गुप्त संकेत असू शकत नाही.

बेसवादक जेम्स जेमरसन 1960 च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवत असे, तो उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने आणि सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारांवर. अशा तारांचे वरचे संनादी लवकर विझतात आणि गोल, आखूड स्वर उरतो. दोन बोटांनी वाजवणाऱ्याची तर्जनी आणि मधले बोट कधीच सारख्या जोराने पडत नाहीत. संगणकावर सगळ्या स्वरांची व्हेलॉसिटी, म्हणजे स्वर किती जोरात वाजला याचा आकडा, 100 ठेवली तर एका बोटाचा काय किंवा दोन बोटांचा काय, वादकाचा हातच नाहीसा होतो.

भाच्याच्या चालीत आणखी एक गोष्ट सापडली. सर्वांत खालचे एफ आणि जी हे दोन्ही स्वर जाड तारेवरच निघू शकतात, कारण पुढची तार मोकळीच त्यांच्या वर, 55 हर्ट्झवर असते. एकच तार एकाच वेळी दोन स्वर देऊ शकत नाही. त्याच्या लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र एफची पट्टी संपण्यापूर्वीच जीची सुरू झाली होती. आम्ही एफची शेपटी कापली, स्वरांचे जोर एकाआड एक थोडे कमीजास्त केले, आणि 40 हर्ट्झला उचललेला भाग पुन्हा होता तिथे खाली आणून ठेवला.