सागुक प्रेममालिका

कोरियाच्या राजेशाही काळात घडणारी, पण दरबारी राजकारणापेक्षा प्रेमकथेभोवती गुंफलेली दूरचित्रवाणी मालिका. ऐतिहासिक मालिकेला कोरियन भाषेत 'सागुक' म्हणतात. इतिहासाला शक्यतो धरून चालते ती पारंपरिक सागुक. काळ जुना, मात्र संवाद, संगीत आणि स्वभाव आजचे असतील तर ती 'फ्युजन' सागुक. २००३ सालच्या 'दामो'पासून फ्युजनची लाट आली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परदेशी प्रेक्षकाच्या हाती पडते ती बहुधा हीच, दुसरी जात.

बहुतेक कथा जोसॉन राजवटीत (१३९२–१८९७) घडतात. या राजवटीचे महाल उभे आहेत, पोशाखांचे नियम ठाऊक आहेत आणि कागदपत्रांना तर अंत नाही. 'सिल्लोक' नावाच्या दरबारी इतिवृत्तात २५ राजांच्या ४७२ वर्षांच्या नोंदी १,८९३ खंडांत आहेत. राजा काय बोलला तेही टिपणारे लेखनिक सतत हजर असत आणि ते लेखन वाचायची मुभा खुद्द राजाला नसे. इतक्या बारकाईच्या दप्तरात अंतःपुरातल्या स्त्रिया मात्र जेमतेम दिसतात, कित्येकींची नावेही नाहीत. पटकथाकार शिरतो तो याच फटीतून.

परदेशात या मालिका का चालतात, याचे उत्तर बरेचजण देखण्या नटांत आणि रेशमी कपड्यांत शोधतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खरे बळ अडसरांचे. आजच्या काळातल्या प्रेमकथेत दोघांना वेगळे ठेवायचे तर लेखकाला अपघात, स्मृतिभ्रंश, दुर्धर आजार असे काहीतरी आणावे लागते. जोसॉनमध्ये अडसर घराच्या रचनेतच असतो. कुलीन 'यांगबान' घरात पुरुषांची बैठक वेगळी, बायकांचा चौक वेगळा. घराबाहेर पडताना लेकीसुनांनी 'जांगोत' हा झगा डोक्यावरून घ्यायचा. लहानपणी महालात दाखल झालेली दासी कायमची राजाची. तिला दुसऱ्याशी लग्न करता येत नाही. युवराजाचे लग्न ठरायचे असले की देशभर त्या वयाच्या मुलींच्या लग्नांना बंदी, मग तीन फेऱ्यांत वधूची निवड. अशा जगात मनगट धरले तरी तो प्रसंग होतो आणि त्यासाठी प्रेक्षकाला जोसॉनचा इतिहास पाठ असावा लागत नाही. दार बंद आहे एवढे दिसले की पुरते.

'द रेड स्लीव्ह' (२०२१–२२, १७ भाग) हे याचे चांगले उदाहरण. शीर्षकातली लाल बाही म्हणजे दासीच्या बाहीची लाल किनार. ती राजाची, याची खूण. राजा जोंगजो (राज्यकाल १७७६–१८००) आणि सॉन्ग आडनावाची दासी यांची ही कथा बऱ्याच अंशी खरी आहे. तो गादीवर येण्यापूर्वी त्याने तिला मागणी घातली, तेव्हा त्याच्या पत्नीला अजून मूल नाही असे सांगून तिने नकार दिला. सुमारे पंधरा वर्षांनी राजा म्हणून त्याने पुन्हा विचारले. तिने पुन्हा नकार दिला, राजाने तिच्या नोकरांना शिक्षा केली, तेव्हा कुठे ती तयार झाली. १७८६ मध्ये त्यांचा मुलगा गेला आणि त्याच वर्षी तीही. हे सारे राजाने स्वतः लिहिलेल्या तिच्या मृत्युलेखात आहे. मालिकेने त्यात एक प्रश्न घातला: राजाला नाही म्हणणाऱ्या बाईला नेमके काय हवे होते? या प्रश्नामुळे कथा आजची वाटते.

पोशाख वाचता आला की अर्धे कथानक संवादांशिवाय कळते. पाठीवर एक वेणी आणि तिला फीत, म्हणजे अविवाहित. मानेवर अंबाडा आणि त्यात आडवी सळई, म्हणजे विवाहित. लाल झग्यावर पाच नख्यांचा सोनेरी ड्रॅगन राजाचा. गडद रंगाच्या झग्यावर चार नख्यांचा असेल तर युवराज. घोड्याचे केस आणि बांबू यांची पारदर्शक काळी टोपी, 'गात', मुख्यतः यांगबान पुरुषाची. नायिकेने ती घातली की पुरुषवेशाचे कथानक सुरू झाले समजावे. 'सॉन्गक्युनक्वान स्कँडल' (२०१०) आणि 'द किंग्ज अफेक्शन' (२०२१) या दोन्हींचा सांगाडा तोच. दुसरीला २०२२ मध्ये टेलिनोव्हेला गटातला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला.

नुकसान होते ते भाषांतरात. कोरियन भाषेत आदराच्या अनेक पायऱ्या आहेत आणि प्रेमाची प्रगती बरेचदा त्यांवरूनच मोजली जाते. इंग्रजी उपशीर्षकांत सगळ्यांसाठी एकच सर्वनाम असल्याने हा जिना सपाट होतो. हिंदी डबिंगमध्ये 'आप–तुम–तू' थोडेफार तगते. मराठी प्रेक्षकाला 'आपण'वरून 'तू'वर येण्याचे मोल सांगावे लागत नाही, पण पडद्यावर ते ऐकू तरी आले पाहिजे. राजा स्वतःला 'ग्वाइन' म्हणतो, म्हणजे 'गुणांनी उणा असा मी'. उपशीर्षकात उरतो नुसता 'मी'. राजासाठीचे 'जॉन्हा' आणि सम्राटासाठीचे, वरच्या दर्जाचे 'प्येहा' ही दोन्ही संबोधने इंग्रजीत एकच होऊन जातात. जोसॉनचा राजा चीनच्या सम्राटाखालचा मानला जाई, हे खरे तर 'जॉन्हा' या एका शब्दात असते.

परदेशात या मालिका चालण्याचे लांबी हेही एक कारण. पारंपरिक सागुक बहुधा ५० ते १०० भाग चालत असे. प्रेममालिका १६ ते २० भागांत संपते. प्रत्येक भाग तासाभराचा किंवा थोडा मोठा, आठवड्याला दोन. म्हणजे वीस भागांना वीस-तेवीस तास. वर्षानुवर्षे न संपणाऱ्या दैनंदिन मालिकांची सवय असलेल्याला शेवट ठरलेला असणे हाच दिलासा. दोष ठरतो उत्तरार्ध: प्रेम जुळले की लेखकाला ताण टिकवायला दरबारी कट लागतो आणि तेरा-चौदाव्या भागापासून नायिका बाजूला पडते. 'डावा मंत्री' हे दरबारातले एक वरिष्ठ पद; त्यावरच्या माणसावर पहिल्या भागापासून संशय ठेवावा. तो सहसा खरा ठरतो.

परदेशी बाजारपेठ उघडली ती 'दे जांग गम'ने (२००३–०४, ५४ भाग). ती मूळची स्वयंपाकघर आणि वैद्यकीची कथा, प्रेम त्यात दुय्यम. जपान, हाँगकाँग, चीन, इराण, श्रीलंका असा तिचा प्रवास झाला. भारतात ती दूरदर्शनवर हिंदीत दिसली. पुढे व्हिकीसारख्या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी अनेक भाषांत उपशीर्षके केली आणि मग नेटफ्लिक्स आले. निर्मात्यांनाही परदेशी विक्री हवी असते, कारण जोसॉनमध्ये मोबाइल किंवा मोटारीची जाहिरात घुसवता येत नाही, आणि कपड्यांचा व सेटचा खर्च मात्र मोठा.

घरची आणि बाहेरची आवड जुळतेच असे नाही. २०१६ मध्ये 'मूनलाइट ड्रॉन बाय क्लाउड्स' आणि 'स्कार्लेट हार्ट: र्यो' एकाच वेळेला लागत होत्या. कोरियात पहिलीने प्रेक्षकसंख्येत २० टक्क्यांची पातळी ओलांडली आणि दुसरी मागे पडली. परदेशात मात्र दुसरीचा चाहतावर्ग आजही मोठा आहे. दहाव्या शतकातल्या गोर्यो (जोसॉनच्या आधीची राजवट) दरबारावर चिनी कादंबरीचे कथानक बसवलेले आहे, याचे ओझे परदेशी प्रेक्षकाला वाटत नाही. कोरियन प्रेक्षक अशा बाबतींत कडक आहे. २०२१ मध्ये 'जोसॉन एक्झॉर्सिस्ट'मध्ये चिनी धाटणीचे खाद्यपदार्थ आणि वस्तू दिसल्यावर एवढा गदारोळ झाला की जाहिरातदार निघून गेले आणि मालिका दोनच भागांत बंद पडली.

मालिका पाहून सोलला जाणाऱ्यांसाठी: हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घालून गेल्यास ग्योंगबोकगुंग महालात प्रवेश मोफत असतो. आसपासच्या दुकानांत तो भाड्याने मिळतो, पण घेराखाली कडी असलेला आणि पाठीमागे फितीची गाठ मारलेला घागरा हा पर्यटकी प्रकार. जोसॉनमधल्या घागऱ्याला कडी नसे. पडद्यावर महाल म्हणून दिसते त्यातले बरेचसे मात्र सोलमध्ये नसून योंगिन आणि मुनग्योंग इथल्या चित्रीकरण-संकुलांत आहे.