‘अभ्यास घेणं’ कुठून आलं?

मुलाचा अभ्यास घेणं हे आई-वडिलांचं कामच, असं आज आपण धरून चालतो. वही तपासायची, पाढे म्हणून घ्यायचे, राहिलेला धडा पुरा करून घ्यायचा. घर म्हणजे जणू शाळेची संध्याकाळची पाळी. ही समजूत शाळा सक्तीची झाल्यानंतर रुजली. त्याआधीच्या शिक्षणविचारात घराचा मान पहिला होता.

कोमेनियस (१५९२–१६७०) या चेक विचारवंताने आयुष्याच्या पहिल्या सहा वर्षांना ‘मातृशाळा’ म्हटलं आणि ती प्रत्येक घरात असावी असं मांडलं. तिचा अभ्यासक्रम वाचताना आजही नवल वाटतं. काल काय झालं ते आठवणं हा इतिहास. डोंगर, दरी, शेत, नदी ओळखणं हा भूगोल. उजेड-अंधार कळणं हा प्रकाशशास्त्राचा पहिला धडा, आणि दोनापेक्षा तीन जास्त हे उमगणं म्हणजे गणित. हे सगळं रोजच्या पाहण्या-बोलण्यातून यायचं होतं. पुढे १७८१ मध्ये स्वित्झर्लंडचा शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी याने आपल्या कादंबरीत अशीच एक आई रंगवली. तिची मुलं सूत कातता कातता मोजायला शिकतात, खोलीतली पावलं मोजतात, खिडकीची तावदानं मोजतात.

याच सुमारास शाळा सक्तीची करणारे कायदे येऊ लागले. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात १७६३ साली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८५२ साली, इंग्लंडात १८८० साली. त्यांची गरज खरी होती. कामाला जुंपलेल्या असंख्य मुलांना अक्षरओळख शाळेमुळेच झाली. पण शिकवणं हे प्रशिक्षित माणसाचं काम ठरलं आणि पालक फाटकाबाहेर राहिले. इंग्लंडात तर ‘पालकांनी यापुढे येऊ नये’ अशा पाट्या विसाव्या शतकातही शाळांवर दिसत.

पालकांकडे पुन्हा लक्ष गेलं ते १९६६ च्या कोलमन अहवालामुळे. अमेरिकेतल्या सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या या पाहणीत दिसलं, की मुलांच्या गुणांमधल्या फरकाशी शाळेतल्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीचा संबंध जास्त आहे. यावरून अनेकांनी अर्थ काढला, की कमी शिकलेल्या घरात मुलाला देण्यासारखं काही नसतं. हा अर्थ मला फार अन्यायाचा वाटतो. पुढच्या दोन ब्रिटिश अभ्यासांत तर चित्र वेगळंच दिसलं.

पहिला लंडनच्या हॅरिंगे भागातला, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातला. काही वर्गांतल्या मुलांनी शाळेतलं पुस्तक घरी न्यायचं आणि आई-वडिलांना मोठ्याने वाचून दाखवायचं, एवढंच ठरलं. दुसऱ्या काही मुलांना शाळेतच जादा शिक्षिकेची मदत दिली. दोन वर्षांनंतर घरी वाचून दाखवणाऱ्या मुलांचं वाचन स्पष्टपणे सुधारलं होतं. जादा शिक्षिका मिळालेल्यांचं तितकं नाही. त्या पालकांत इंग्रजी न येणारे होते, मुळात वाचता न येणारेही होते. त्यांनी काय केलं? कान देऊन ऐकलं. ज्या पालकांना ‘आम्ही काय शिकवणार?’ असा संकोच वाटतो, त्यांच्यापर्यंत हा एक अभ्यास तरी पोचायला हवा.

दुसरा अभ्यास बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांचा, १९८४ साली प्रसिद्ध झालेला. चार वर्षांच्या आसपासच्या ३० मुलींचं बोलणं त्यांनी घरी आणि बालवाडीत ध्वनिमुद्रित केलं. घरी या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या, बालवाडीत दोन. कामगार कुटुंबातल्या मुलीही घरी भरभरून बोलत होत्या. एका मुलीला खिडक्या पुसणाऱ्या माणसाला पैसे कोण देतं, आणि का, हे उमगत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी विचारत राहिली आणि आई उत्तरं देत राहिली. श्रम आणि मोबदला यांचा हा धडा कुठल्याही वेळापत्रकात नव्हता.

‘अभ्यास घेण्या’चं पारडं मात्र हलकंच निघालं. अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांच्या २०१४ मधल्या विश्लेषणात, पालकांनी गृहपाठात मदत केल्याने गुण वाढतात असं सरसकट दिसलं नाही. तरीही २०२० मध्ये जगभरच्या शाळा बंद झाल्या तेव्हा बहुतेक घरांत पोचले ते तास, स्वाध्याय आणि ते पुरे करून घेण्याच्या सूचना.